बाहेरची तार तुटली असतां घरचें दप्तर कां मिटतें?

इंटरनेट बंद पडलें म्हणजे बाहेरच्या जगाशीं असलेला संबंध तुटावा, हें ओघानेंच आलें. बँकेंतील शिल्लक दिसणार नाहीं, परदेशांतील मुलाचें पत्र येणार नाहीं, पाहात असलेला चित्रपट मध्येंच थांबेल. यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतून व छोट्या कचेऱ्यांतून एक निराळाच अनुभव येऊं लागला आहे. घरचे हिशेब, छायाचित्रें व कागदपत्रें ज्या सर्व्हरवर ठेवलेलीं असतात, तो सर्व्हर पलीकडच्या खोलींतील कपाटांत असतो. त्याचा दिवा लागलेला असतो. वाचणारा संगणक त्याच्यापासून दहा-बारा हातांवर असतो, आणि दोघांना जोडणारी तार भिंतींतून गेलेली, शाबूत असते. असें असूनहि रस्त्याच्या कोपऱ्यावर कोणाच्या तरी कुदळीनें बाहेरची केबल तुटली कीं, शेजारच्या खोलींतील फाइल उघडेनाशी होते! काखेंत कळसा नि गांवाला वळसा, ही म्हण माणसाच्या विसराळूपणावरून पडली. परंतु यंत्रेंहि असाच वळसा घालीत असतात, आणि गांवची वाट बंद झाल्यावांचून तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

हा वळसा नेमका कोठें पडतो, तो कसा ओळखावा, आणि तो टाळण्याची तजवीज घरच्या घरीं कशी करावी, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. घरांतील जाळें आणि इंटरनेट हीं एक नव्हेत, दोन आहेत. घरांतील संगणक, फोन, छपाईचें यंत्र व सर्व्हर यांना जोडणारें जें जाळें, तें घराच्या भिंतींच्या आंतच संपतें. इंटरनेट कंपनीची केबल उंबऱ्यापर्यंत येते, आणि या दोहोंच्या संधीवर राउटर नांवाची पेटी बसलेली असते. आंतला निरोप ती आंतल्या आंत पोंचविते. बाहेरचा निरोप बाहेर सोडते. घरांतील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो व तो बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतो. फेब्रुवारी १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंटरनेटच्या एका नियमपत्रानें हे व आणखी कांहीं क्रमांक खाजगी वापरासाठीं राखून ठेवले आहेत. घराबाहेरून या क्रमांकानें कोणी हांक मारूं म्हणेल तर ती पोंचणार नाहीं. याचाच अर्थ असा कीं, १९२.१६८.१.१० या क्रमांकाच्या सर्व्हरपर्यंत जाण्यासाठीं घरांतल्या संगणकाला उंबरठा ओलांडण्याचें वस्तुतः कांहींच कारण नाहीं.

फाइली सामाईक करण्याची पद्धतहि मूळची घरगुतीच आहे. आज बहुतेक घरगुती सर्व्हरांवर जी पद्धत चालते, ती एस्. एम्. बी. या आद्याक्षरांनीं ओळखली जाते. १९८० नंतरच्या दशकांत आय्. बी. एम्. कंपनींत तिचा जन्म झाला व मायक्रोसॉफ्टनें पुढें ती वाढविली. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें हीच भाषा बोलणारी एक निराळी आज्ञावली लिहावयास घेतली. तीच आज साम्बा या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे, आणि बाजारांत मिळणाऱ्या अनेक लहान सर्व्हरांच्या पोटांत तीच काम करीत असते. एका कचेरींतील चार-दोन यंत्रांनीं एकमेकांच्या फाइली वाचाव्या, एवढ्याचसाठीं ही पद्धत निघाली. तेव्हां इंटरनेट घरोघर पोंचलेलेंहि नव्हतें. म्हणून इंटरनेट गेल्याबरोबर सामाईक फोल्डर बंद पडला, तर फाइल वाटणारी सेवाच बिघडली असा तर्क करणें बहुधा चुकीचें ठरतें. बिघडतो तो तिचा एखादा मदतनीस.

हे मदतनीस कोणते? फाइल हातीं पडण्यापूर्वीं चार गोष्टी घडाव्या लागतात. मागणारें यंत्र घरच्या जाळ्यावर असावें लागतें. सर्व्हरच्या नांवाचा क्रमांक सांपडावा लागतो. मागणाऱ्याची ओळख पटावी लागते. आणि शेवटीं, मागितलेला मजकूर त्या पेटींत खरोखरच असावा लागतो. या चारांपैकीं एकाचा जरी धागा घराबाहेर गेलेला असला, तरी बाहेरची तार तुटतांच चवथी गोष्ट हातीं येत नाहीं.

उदाहरणार्थ, अशी कल्पना करावी कीं, एक डॉक्टरीणबाई आपल्या राहत्या घराच्या तळमजल्यावर दवाखाना चालवितात. रोग्यांच्या नोंदी आंतल्या खोलींतील सर्व्हरवर आहेत. एक संगणक बाईंच्या मेजावर व एक कंपाउंडरपाशीं आहे. पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं नऊ वाजतां रस्त्यावरची केबल तुटते. नोंदी मात्र दहा वाजेपर्यंत नीट उघडतात, म्हणून कोणी चिंता करीत नाहीं. दहानंतर अकस्मात् फोल्डर सांपडेनासा होतो. त्याच वेळीं एक आजी तापानें फणफणलेल्या नातवाला घेऊन येतात. मागच्या खेपेस या मुलाला कोणतेंसें औषध बाधलें होतें, एवढें त्यांना आठवतें. औषधाचें नांव आठवत नाहीं. तें नांव भिंतीपलीकडे आठ हातांवर लिहून ठेवलेलें आहे, आणि तें वाचतां येत नाहीं! बाई सुज्ञ आहेत, त्या संशय येईल तें औषध टाळतील. पण ज्या नोंदी अशाच प्रसंगासाठीं वर्षानुवर्षें लिहिल्या, त्या नेमक्या प्रसंगीं मुक्या व्हाव्या, ही गोष्ट क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

अशा वेळीं घाबरलेला मनुष्य पहिली गोष्ट करतो ती ही कीं, दिसेल तें यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतो. इतर प्रसंगीं हा उपाय गुणकारी असला, तरी येथें तो अपाय करण्याचाच संभव अधिक. यंत्रांच्या स्मरणांत जें कांहीं उरलेलें असतें, सर्व्हरचा क्रमांक, चालू घड्याळ, आधीं पटलेली ओळख, तें सर्व या एका कृतीनें पुसलें जातें. आणि जीं यंत्रें अजून चालत होतीं, तींहि बसतात. म्हणून वैद्य ज्याप्रमाणें औषधापूर्वीं नाडी पाहातो, त्याप्रमाणें येथेंहि आधीं परीक्षा, मग उपचार, हाच क्रम ठेवावा. परीक्षेच्या पायऱ्या चारच आहेत, आणि त्या सर्व मिळून दहा मिनिटांत होतात.

पहिली पायरी, यंत्र घरच्या जाळ्यावर आहे किंवा नाहीं हें पाहाणें. राउटरवरील इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल झालेला असला, तरी वाय्-फायचा दिवा व तारांच्या खांचांजवळचे दिवे लागलेले असले पाहिजेत. पावसाळ्यांत इंटरनेट व वीज पुष्कळदां बरोबरच जातात. सर्व्हर इन्व्हर्टरवर असतो, परंतु मधली लहानशी जोडपेटी साध्या वीजेवर असते, आणि दोष केबलवर येतो. तसेंच, अनेक फोनांना अशी खोड असते कीं, वाय्-फायवर इंटरनेट मिळत नाहींसें दिसतांच ते कोणाला न विचारतां मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर उडी मारतात. तसें झालें म्हणजे तो फोन शरीरानें घरांत व मनानें घराबाहेर असतो. त्याला घरचा सर्व्हर दिसणार तरी कसा? मोबाइल डेटा बंद करून फोनला पुन्हां वाय्-फायवर आणलें कीं हा दोष तत्काळ जातो.

दुसरी पायरी नांवाची. सर्व्हरला त्याच्या नांवाऐवजीं क्रमांकानें हांक मारून पाहावी. ‘पिंग’ नांवाची एक साधी आज्ञा प्रत्येक संगणकांत असते. तिच्यापुढें सर्व्हरचा क्रमांक लिहिला कीं तो ओ देतो किंवा नाहीं हें कळतें. ओ आली, तर तारा, राउटर व सर्व्हर हीं तिन्ही ठीक आहेत. मग सामाईक फोल्डर उघडण्याच्या जागींहि नांव न लिहितां, दोन उलट्या तिरप्या रेघांपुढें तोच क्रमांक लिहावा. फोल्डर लगेच उघडला, तर चोर बहुतांशीं सांपडला असें समजावें. सर्व्हर जागेवर आहे, फाइली जागेवर आहेत. हरवला आहे तो केवळ नांवावरून क्रमांक सांगणारा.

हा सांगणारा कोण, याची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. जुन्या टेलिफोन-पद्धतींत ज्याप्रमाणें नांव सांगितल्यावर क्रमांक जुळवून देणारी एक व्यक्ति असे, तशीच व्यवस्था संगणकांच्या जगांतहि आहे. प्रारंभीं जगांतील सर्व जोडलेल्या संगणकांचीं नांवें एकाच यादींत मावत असत. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन-संस्थेंत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं ती यादी ठेवली जाई, आणि सर्वजण तिची प्रत उतरून घेत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी आवरेनाशी झाली. म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं डी. एन्. एस्. ही नांवांची नवी व्यवस्था रचली. तिच्यांत एकच मोठी यादी नसून, प्रत्येक विभागाची यादी त्या त्या विभागाचा कारकून ठेवतो, आणि विचारणाऱ्याला एकाकडून दुसऱ्याकडे पाठविलें जातें. ही रचना इतकी उत्तम ठरली कीं आजहि सर्व इंटरनेट तिच्यावरच चालतें. परंतु तिचा एक परिणाम असा झाला कीं, घरांतील बहुतेक यंत्रांना राउटर जो कारकून नेमून देतो, तो इंटरनेट कंपनीच्या कचेरींत किंवा त्याहूनहि दूर बसलेला असतो.

दवाखान्याच्या उदाहरणांत असेंच घडलेलें असतें. संकेतस्थळासाठीं डॉक्टरीणबाईंनीं एक नांव विकत घेतलेलें असतें. सर्व्हर बसविणाऱ्या माणसानें सोय म्हणून त्याच नांवाच्या पोटांत सर्व्हरचेंहि नांव घातलेलें असतें. आणि त्याचा घरगुती क्रमांक परदेशांतील एका कारकुनाच्या यादींत लिहिलेला असतो. म्हणजे मेजावरचा संगणक भिंतीपलीकडच्या कपाटाचा पत्ता समुद्रापलीकडे विचारीत असतो. एकदां मिळालेलें उत्तर तो ठराविक काळ, येथें एक तास, स्मरणांत ठेवतो. म्हणूनच केबल नऊ वाजतां तुटूनहि फोल्डर दहापर्यंत चालला, आणि म्हणूनच त्या दोन घटनांचा संबंध कोणाच्या लक्षांत आला नाहीं. कार्य व कारण यांच्यामध्यें असा एक तास गेला म्हणजे भलभलते तर्क सुरू होतात, आणि निर्दोष सर्व्हर उघडून बसण्याची पाळी येते.

तात्कालिक उपाय सोपा आहे. फोल्डर क्रमांकानें उघडून काम भागवावें. कायमचे उपाय दोन आहेत. राउटरमध्यें सर्व्हरला एकच क्रमांक कायमचा राखून द्यावा, म्हणजे तो आज एक व उद्यां दुसरा असें होणार नाहीं. नंतर तें नांव व तो क्रमांक घरांतल्याच एखाद्या यादींत लिहावा. अनेक राउटर अशी यादी स्वतः ठेवूं शकतात. तें न जमल्यास प्रत्येक संगणकांत ‘होस्ट्स’ नांवाची एक लहान फाइल असते, तींत एक ओळ लिहिली कीं पुरे. स्टॅनफर्डच्या जुन्या यादीचीच ही धाकटी वंशज होय, आणि बाहेर विचारण्यापूर्वीं संगणक सामान्यतः तीच पाहातो.

येथें एका भ्रमापासून सावध राहिलें पाहिजे. कित्येकजण एक कारकून घरांतला व दुसरा बाहेरचा असे दोन नेमतात, आणि एक नसेल तर दुसरा उत्तर देईल असें समजून निश्चिंत होतात. परंतु या दोघांपैकीं कोणाला केव्हां विचारावें हें यंत्र आपल्या मर्जीनें ठरवूं शकतें. आणि बाहेरच्यानें ‘असें नांव नाहीं’ म्हणून सांगितलें तर तेंच अखेरचें उत्तर समजून तें स्वस्थ बसतें. म्हणून यंत्रांना घरांतलाच एक कारकून द्यावा, आणि बाहेरचीं नांवें कोणाला विचारावीं हें त्याच्यावर सोंपवावें. आणखी एक गंमत अशी कीं, बाहेरची तार तुटली असतां कांहीं राउटर कोणतेंहि नांव विचारलें तरी स्वतःचाच क्रमांक सांगतात, आणि ‘इंटरनेट नाहीं’ अशी पाटी दाखवितात. अशा घरांत सर्व्हरची हांक राउटरच्या दारांत जाते, आणि परवलीचा शब्द बरोबर असूनहि नाकारला जातो.

नांवाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक फसवा आहे. क्रमांकानें हांक मारली, ओ आली, पण फोल्डर उघडावयास अर्धें मिनिट किंवा अधिक वेळ लागतो, व कधीं कधीं मागणाराच कंटाळून नाद सोडतो. येथें संगणक नव्हे, तर सर्व्हरच बाहेर चौकशी करीत असतो. ‘१९२.१६८.१.२५ या क्रमांकाचा जो कोणी आला आहे, त्याचें नांव काय?’ असें विचारल्यावांचून दार न उघडण्याची त्याला कोणीतरी शिकवण दिलेली असते. हिशेब करून पाहावा. लिनक्स सर्व्हर एका कारकुनाच्या उत्तराची स्वभावतः पांच सेकंद वाट पाहातो, आणि दोन फेऱ्या करतो. कारकून दोन असले व दोघेहि गप्प राहिले, तर एका प्रश्नापायीं वीस सेकंद जातात. आणि असे दोन-तीन प्रश्न एकापुढें एक आले म्हणजे मिनिट उलटतें. घरच्या यंत्रांचे क्रमांक व नांवें सर्व्हरच्या स्वतःच्या होस्ट्स फाइलींत लिहून ठेवावीं, किंवा आल्यागेल्याचें नांव विचारण्याची ही शिकवण काढून टाकावी, म्हणजे विलंब नाहींसा होतो. साम्बामध्यें ही चौकशी मुळांत बंदच असते. परंतु प्रवेशाच्या यादींत क्रमांकांऐवजीं नांवें लिहिलेलीं असलीं, तर तिला नांवें शोधीत बसावेंच लागतें.

तिसरी पायरी ओळखीची. फोल्डर सांपडतो, सर्व्हर उत्तरहि देतो, परंतु परवलीचा शब्द मान्य होत नाहीं. अशा वेळीं ओळख पटविणारा अधिकारी कोठें बसला आहे, हें पाहावें. घरगुती सर्व्हरांवर बहुधा नांवें व परवलीचे शब्द त्यांच्याच पोटांत असतात, म्हणून तेथें हा दोष क्वचित् आढळतो. परंतु ज्या फाइली ब्राउझरमधून, एखाद्या मोठ्या कंपनीच्या खात्याची ओळख दाखवून उघडाव्या लागतात, त्यांचा द्वारपाळ परदेशीं असतो. आणि शाखा-कचेऱ्यांतून तो पुष्कळदां मुख्य कचेरींत असतो. अशा ठिकाणीं सर्व्हरच्या स्वतःच्या यादींत एक तरी स्थानिक खातें असावें, तें रोज वापरूं नये, आणि त्याचा परवलीचा शब्द लिहून कुलपांत ठेवावा.

ओळखीचा वेळेशीं एक विलक्षण संबंध आहे, तो येथेंच सांगितला पाहिजे. मोठ्या कचेऱ्यांतून ओळख पटविण्यासाठीं केर्बेरॉस नांवाची पद्धत वापरतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या-संस्थेच्या अथीना प्रकल्पांत, १९८० नंतरच्या दशकांत ती तयार झाली. तिच्यांत दिलेल्या प्रवेशपत्रावर वेळ घातलेली असते, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः पांच मिनिटांहून अधिक अंतर पडलें तर पत्र खोटें समजलें जातें. हीं घड्याळें इंटरनेटवरून जुळविलीं जातात. त्याची पद्धत डेव्हिड मिल्स यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. इंटरनेट चार-दोन तास नसल्यानें घड्याळें पांच मिनिटें चुकत नाहींत हें खरें. परंतु संगणकांतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली, किंवा कांहीं स्वस्त लहान संगणकांप्रमाणें ती मुळांतच नसली, आणि त्यांत कोणी यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें, तर घड्याळ जुन्याच एखाद्या तारखेपासून चालूं लागतें. आणि मग बरोबर परवलीचा शब्दहि कवडीमोल ठरतो. क्रमांकानें हांक मारल्यास विंडोज सहसा केर्बेरॉस बाजूला ठेवून जुन्या पद्धतीनें ओळख देतें. म्हणून कचेरींत क्रमांकानें फोल्डर उघडला, तर दोष नांवाचाच असेल असें नव्हे. घड्याळावरहि एकदां दृष्टि टाकावी.

चवथी पायरी सर्वांत सोपी, पण तिचें उत्तर पुष्कळांना कटु वाटतें. फोल्डर उघडतो, फाइलींचीं नांवें दिसतात, चित्रेंहि दिसतात. परंतु फाइल उघडूं जातां ती उघडत नाहीं. कारण ती तेथें नसतेच. जागा वांचविण्यासाठीं मजकूर बाहेरच्या कंपनीच्या भांडारांत ठेवावा, व घरांत त्याचें केवळ नांव ठेवावें, अशी सोय आतां अनेक कार्यप्रणालींत आहे. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टनें २०१७ सालीं ती विंडोजमध्यें आणली. अशा नांवांपुढें बहुधा ढगाचें लहानसें चिन्ह असतें. तें चिन्ह म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. बरणी रिकामी आहे. ज्या फाइली अडचणीच्या वेळीं लागतील, त्या ‘या यंत्रावर नेहमीं ठेवाव्या’ असें आधींच सांगून ठेवणें, एवढाच यावर उपाय आहे. तार तुटल्यावर तो करतां येत नाहीं.

हे दोष अडाण्यांच्या घरींच होतात, असें मात्र कोणीं समजूं नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम हीं तिन्ही जगभर सुमारें सहा तास बंद पडलीं. त्या कंपनीनें मागाहून प्रसिद्ध केलेला खुलासा या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. देखभालीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेनें कंपनीच्या निरनिराळ्या केंद्रांना जोडणाऱ्या सर्व वाटा बंद झाल्या. नांवें सांगणारे तिचे सर्व्हर चालूच होते. परंतु आपला केंद्रांशीं संबंध तुटला असें पाहून त्यांनीं स्वतःकडे येण्याचा मार्ग जगाला सांगणें बंद केलें. त्यासरशी कंपनीचीं नांवें कोणालाच सांपडेनाशीं झालीं. आणि दुरुस्तीसाठीं लागणारीं कंपनीच्या आंतलीं बरींच साधनेंहि त्याच नांवांवर अवलंबून असल्यामुळें तींहि त्याच क्षणीं निकामी झालीं. अखेर माणसें प्रत्यक्ष केंद्रांत पाठवावीं लागलीं. दवाखान्यांतील संगणक व जगांतील एक बलाढ्य कंपनी यांची चूक अशी एकाच जातीची आहे. जी वस्तु दुरुस्तीला लागते, तीच बिघडणाऱ्या वस्तूवर टांगलेली होती.

बाहेरची तार तुटणें हेंहि कोणाच्या हातांतलें नसतें. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमध्यें अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबली निकामी झाल्या, आणि त्याचा फटका भारतांतील इंटरनेटला बसला. रस्त्यावरची कुदळ काय किंवा भूमध्य समुद्रांतील केबल काय, घरांतल्या माणसाला त्यांवर कांहीं इलाज करतां येत नाहीं. परंतु घरची फाइल घरांत वाचतां यावी, हें मात्र सर्वस्वीं त्याच्या हातांत आहे.

त्यासाठीं सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे रंगीत तालीम. एखाद्या रविवारीं, कोणाचें काम अडणार नाहीं अशा वेळीं, राउटरमध्यें बाहेरून येणारी तेवढीच तार काढावी. राउटर बंद करूं नये. मग घरांतील प्रत्येक यंत्रावरून सामाईक फोल्डर उघडून पाहावा. पहिल्या पांच मिनिटांत सर्व ठीक दिसलें, तरी विश्वास ठेवूं नये, कारण स्मरणांतलीं उत्तरें अजून शिळीं झालेलीं नसतात. एक संगणक व शेवटीं सर्व्हरहि बंद करून पुन्हां सुरू करावा, आणि मग पाहावें. खऱ्या संकटांत जी गोष्ट करूं नये असें वर सांगितलें, तीच तालमींत मुद्दाम करावयाची आहे. कारण येथें कांहीं बिघडलेंच, तर तार परत लावण्याचा मार्ग मोकळा असतो. जें यंत्र या परीक्षेंत नापास होईल, त्याचा धागा बाहेर कोठें गेला आहे तें वरील चार पायऱ्यांनीं शोधावें.

संकटाच्या वेळीं आणखी दोन मोह होतात, ते आवरले पाहिजेत. फोल्डर उघडत नाहीं म्हणून त्याचा परवलीचा शब्दच काढून टाकणें, किंवा कोणालाहि प्रवेश द्यावा अशी मोकळीक देणें, हा पहिला मोह. इंटरनेट परत येतें, गडबडींत ती मोकळीक तशीच राहाते, आणि रोग्यांच्या नोंदी किंवा घरचे हिशेब वाय्-फायवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खुले होतात. दुसरा मोह म्हणजे एकाच वेळीं चार ठिकाणीं बदल करणें. त्यानें दोष गेला तरी कशानें गेला हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस तोच शोध पुन्हां आरंभावा लागतो. एक बदल करावा, परिणाम पाहावा, आणि तो लिहून ठेवावा.

लिहून ठेवणें हें शेवटचें व कदाचित् सर्वांत महत्त्वाचें काम. एका पुठ्ठ्यावर सर्व्हरचें नांव व क्रमांक, राउटरचा क्रमांक, फोल्डर क्रमांकानें उघडण्याची रीत, आणि स्थानिक खात्याचा परवलीचा शब्द कोठें ठेवला आहे त्याची खूण, इतकें स्वच्छ अक्षरांत लिहावें. ज्याला संगणकांतलें कांहीं कळत नाहीं अशा घरांतल्या माणसाकडून तें एकदां वाचवून घ्यावें, आणि त्याला फोल्डर उघडावयास सांगावें. तो अडेल तेथें एक ओळ आणखी घालावी. मग तो पुठ्ठा सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा. सर्व्हरवर मात्र ठेवूं नये.